काकांच्या स्टुडिओतल्या जुन्या लेन्स नव्या मिररलेसवर : ठेवू की विकू?

सात_रस्ता
नमस्कार मंडळी. मोठ्या काकांनी सोलापूरच्या नवी पेठेतला स्टुडिओ दिवाळीनंतर कायमचा बंद केला. गाळा रिकामा करून द्यायचाय. कपाटातून निघालेला माल असा: निक्कॉर १०५ एमएम एफ/२.५, निक्कॉर ५० एमएम एफ/१.४ (ही बरीच जुनी दिसते), झेनिट-ई आणि त्यावर हेलिऑस ४४-२, याशिका एफएक्स-३ वर ५० एमएम एफ/१.९, कॅनन एफडी २८ एमएम एफ/२.८, सुपर-टाकुमार ५० एमएम एफ/१.४ (काच चहासारखी पिवळी झालीय), दोन जुने फ्लॅश आणि एक याशिका मॅट (१२० च्या रोलचा जुना कॅमेरा).

माझ्याकडे सोनी ए६४०० हा मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा आहे, सोबत आलेल्या किट लेन्सवर काम चालवतोय. एक गृहस्थ सगळी पेटी एकगठ्ठा मागतायत. चुलतभाऊ म्हणतो देऊन टाक, नाहीतरी धूळच खातंय. काका म्हणतात तुला वापरायच्या असतील तर ठेव, नाहीतर माझी हरकत नाही. प्रश्न तीन. या लेन्स माझ्या कॅमेऱ्याला लागतील का? कॅमेऱ्याला काही इजा होईल का? आणि लागल्या तरी एवढा खटाटोप करण्यासारखं त्यात काही आहे का?

शेंगाचटणी
पहिला नंबर माझा. कडक भाकरी घेऊन बसलोय, चालू द्या.

अण्णा_फोटोवाले
विकून टाका. मी लग्नाची कामं करतो. हळदीत नवरीच्या अंगावर सगळे एकदम तुटून पडतात, तिथं रिंग फिरवत फोकस शोधत बसलो तर नवरीचा बाप ॲडव्हान्स परत मागेल. आज गिऱ्हाईकाला डोळ्यावर अचूक फोकस लागतो, वर रील पण त्याच रात्री पाहिजे. काकांच्या काळात रोल मोजून वापरायचे, माणसं पण फोटोसाठी स्तब्ध उभी राहायची. तो काळ गेला. आलेल्या पैशात एक नवीन ५० एफ/१.८ घ्या, ऑटोफोकससकट.

काचेचा_किडा
अण्णा, धंद्यापुरतं तुमचं शंभर टक्के बरोबर. पण धागाकर्त्याने धंदा करतो असं कुठं म्हटलंय?

आता पहिला प्रश्न. लागतील, याशिका मॅट सोडून सगळ्या लागतील. मॅटची लेन्स बॉडीलाच पक्की असते, ती वेगळी होत नाही. बाकीच्यांचं गणित एका अंतरावर चालतं. लेन्स जिथं बसते ती कडी आणि फिल्म किंवा सेन्सर यांच्यातलं अंतर प्रत्येक कंपनीने ठरवून ठेवलेलं असतं. निकॉन एफ ४६.५ मिमी, झेनिट-टाकुमारची एम४२ आट्यांची कडी ४५.४६, याशिका ४५.५, कॅनन एफडी ४२. जुन्या एसएलआरमध्ये मधे आरसा हलायचा म्हणून एवढी जागा लागायची. मिररलेसमध्ये आरसाच नाही, त्यामुळे सोनी ई माउंटचं हे अंतर फक्त १८ मिमी आहे. उरलेली जागा धातूच्या पोकळ नळीने भरून काढायची, तोच अडॅप्टर. निकॉनसाठी तो २८.५ मिमी लांब असतो, एफडीसाठी २४. आत काच नाही, वायर नाही, काही नाही. हजार-दीड हजारापासून मिळतो.

उलट दिशेने मात्र जमत नाही. एफडीची लेन्स निकॉनच्या डीएसएलआरवर लावायला गेलात तर ती आधीच साडेचार मिमी पुढे बसते. ५० एमएमची लेन्स नुसती १ मिमी पुढे सरकली तरी साधारण अडीच मीटरच्या पलीकडचं काही फोकसमध्ये येत नाही. मग लोक काच असलेला अडॅप्टर लावतात आणि चित्र मऊ पडलं की लेन्सला शिव्या देतात.

सात_रस्ता
वा! म्हणजे एफडी, निकॉन, एम४२ आणि याशिका असे चार अडॅप्टर लागणार?

काचेचा_किडा
हो, चार. म्हणून आधी कुठल्या लेन्स ठेवायच्या ते ठरवा, मग अडॅप्टर घ्या. माझं मत विचाराल तर १०५ आणि हेलिऑस. एफडीची २८ तुमच्या बॉडीवर ४२ सारखी दिसेल, आणि त्या रेंजमध्ये तुमची किट लेन्स आहेच.

होटगी_रोड
"४२ सारखी दिसेल" म्हणजे? लेन्सवर तर २८ छापलंय.

काचेचा_किडा
लेन्स २८चीच राहते, सेन्सर लहान आहे. ए६४०० चा सेन्सर फिल्मच्या चौकटीपेक्षा दीडपट लहान, त्यामुळे मधलाच भाग दिसतो. १०५ चा कोन १५७ सारखा होतो. चेहऱ्यासाठी, मिरवणुकीत लांबून माणूस टिपायला छान.

बाराबंदी
१०५ एफ/२.५ विकली तर धागाकर्त्याला सिद्धेश्वर तळ्यात बुडवावं असा ठराव मांडतो. स्टीव्ह मॅककरीने १९८४ मध्ये घेतलेला तो हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचा फोटो याच लेन्सने काढलेला आहे. तुमच्या पेटीतली एआय-एस (निकॉनच्या एआय लेन्सची पुढची आवृत्ती) आहे का आधीची, ते तेवढं बघा.

सात_रस्ता
कसं ओळखायचं? दोन्ही निक्कॉरना रिंगवर ते धातूचे कान आहेत.

बाराबंदी
कान दोघींनाही असतात. १९७७ मध्ये निकॉनने एआय पद्धत (लेन्सवर ठरवलेलं ॲपर्चर बॉडीला आपोआप कळवणारी) आणली, त्यानंतरच्या कानांना भोकं पाडलेली असतात, आधीचे सहसा भरीव. दुसरी खूण म्हणजे ॲपर्चरचे (उजेड आत सोडणाऱ्या भोकाचे, एफ/ पुढचे) आकडे एआयवर दोन ओळींत असतात, खालच्या ओळीत बारीक अक्षरात तेच आकडे परत.

जुनी, म्हणजे एआयच्या आधीची लेन्स सोनीवर अडॅप्टरने लावायला काही धोका नाही. पण कुणी ती डी७५० सारख्या निकॉन डीएसएलआरवर जबरदस्तीने फिरवू नका. माउंटच्या कडेला एक छोटी कळ असते, रिंगची मागची कड त्या कळीवर दाबली जाऊन ती मोडते. गंमत अशी की डी३४०० किंवा डी५६०० सारख्या स्वस्त बॉडीला ती कळच नाही, म्हणून तिथं या लेन्स सुखरूप बसतात. फक्त उजेड मोजायचा मीटर चालत नाही, उजेडाचा अंदाज आपला आपण.

सात_रस्ता
बघितलं. १०५ च्या कानांना भोकं आहेत आणि आकडे दोन ओळीत आहेत. ५० चे कान भरीव.

काळा_पडदा
मी पुण्यात असतो, मूळ बाळीवेशीतला. जरा विरोधात बोलू का? या "जुन्या काचेची जादू" प्रकरणाचा मला कंटाळा आलाय. निम्म्या वेळा जादू म्हणजे धुरकटपणा. जुन्या लेन्सवर कोटिंग कमी असतं, समोरून उजेड आला की सगळ्या चित्रावर पांढरट पडदा चढतो. सेन्सर फिल्मपेक्षा जास्त चकाकतो, त्यामुळे मागच्या काचेवर प्रकाश परत आपटून मधोमध फिकट गोल डाग येतात. आजची साधी ५० एफ/१.८ उघड्या ॲपर्चरला या सगळ्यांपेक्षा चरचरीत आहे. फेसबुकवर लोक धुरकट फोटो टाकून खाली "कॅरेक्टर" असं लिहितात. याला आमच्या गल्लीत लेन्स पुसली नाही असं म्हणायचे.

शेंगाचटणी
पुण्याला गेलं की असंच होतं 😄

रेशीमधागा
काळा पडदा, तुमचं म्हणणं एफ/१.४ ला खरं आहे. एफ/४ ला आलात की त्याच लेन्स शहाण्यासारख्या वागतात, आणि १०५ तर एफ/२.५ लाच चांगली आहे. सगळ्यांना एका दांड्याने हाकू नका.

मी पूर्व भागात यंत्रमागांवर व्हिडिओ करते आहे. टॉवेलचे कारखाने, घरातच चार-सहा माग टाकलेले असतात तसे. हेलिऑस ४४-२ वापरते. एक तर फोकसची रिंग लांब फिरते. नव्या लेन्सला रिंग किंचित हलवली की फोकस उडी मारतो, हिला हळूच धोट्यावरून विणकराच्या बोटांवर नेता येतं. दुसरं म्हणजे ४४-२ ला ॲपर्चरच्या दोन रिंगा असतात. एकीवर आकडा ठरवायचा, तिला टकटक खटके आहेत. दुसरी अगदी गुळगुळीत फिरते, उघड-मीट करायला. शूटिंग चालू असताना खिडकीकडे वळले की ती दुसरी रिंग सावकाश फिरवते, उजेड पायरीपायरीने न बदलता सरळ उतरतो. सिनेमाच्या लेन्सला लोक लाखात मोजतात ती सोय ही.

तोटे पण सांगते. माग चालू असताना हवेत सुताची तुसं तरंगत असतात, ट्यूबच्या उजेडात बघा, दिसतील. तिथं लेन्स बदलायची नाही म्हणजे नाही. एकदा लावून आत जायचं, बाहेर आल्यावर काढायची. ट्यूब लपलपतात म्हणून शटर १/५० किंवा १/१०० वरच ठेवते, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. आणि ए६४०० च्या बॉडीत हात थरथरणं सावरायची सोय नाही, किट लेन्समध्ये ती असते म्हणून एरवी जाणवत नाही. जुनी लेन्स लावली की ट्रायपॉड नाहीतर भिंतीचा आधार घ्या.

अण्णा_फोटोवाले
ताई, मागाच्या आवाजात तुम्ही व्हिडिओ करता म्हणजे कमाल आहे. आवाज वेगळा घेता का?

रेशीमधागा
अण्णा, आवाज वेगळाच घ्यावा लागतो, आणि बोलणं तर माग बंद झाल्यावरच. लाईट गेली की मी खूश, मालक नाराज.

सात_रस्ता
हेलिऑसचं ते गोल फिरणारं बॅकग्राउंड म्हणतात ते खरंच येतं का? काकांनी कधी मुद्दाम काढलेलं नाही. त्यांच्या भाषेत "मागचं फाटतंय" म्हणून ती लेन्स बाजूला पडली होती.

काचेचा_किडा
काकांचं निरीक्षण अचूक आहे. मूळ आराखडा झाईसच्या बायोटारचा, युद्धानंतर रशियनांनी मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात हेलिऑस म्हणून काढला. कडेकडेला प्रकाशाचे ठिपके लिंबाच्या फोडीसारखे दबतात, म्हणून बॅकग्राउंड फिरल्यासारखं वाटतं. पण हा सगळा खेळ कडेचा, आणि तुमचा लहान सेन्सर नेमकी कड कापतो. त्यामुळे फुल फ्रेमवर (फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरवर) दिसतं त्याच्या निम्मंही दिसणार नाही. पूर्ण उघडी ठेवा, माणूस दीड-दोन मीटरवर उभा करा, मागे दहा-बारा मीटरवर पानांतून ऊन झिरपणारं झाड घ्या. संभाजी तलावाच्या काठाने सकाळी मिळेल.

फोकल रिड्यूसर नावाचा काच असलेला अडॅप्टर लावला तर कडेचा बराचसा भाग परत मिळतो, उजेडही एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, वाढतो. पण चांगला महाग येतो, आणि स्वस्त घेतला तर काळा पडदा जे म्हणाले तेच होईल.

माळरान
मी पक्ष्यांच्या बाजूने बोलतो. नान्नजला ३०० एमएम एफ/४.५ ची जुनी निक्कॉर घेऊन जातो. माळढोक दिसणं आता नशिबाची गोष्ट, पण काळवीट आणि चंडोल आहेत. बसलेला पक्षी, चरणारं काळवीट, तिथं ही लेन्स उत्तम. उडणाऱ्या शिक्र्याला हाताने फोकस करू शकणारा माणूस मला अजून भेटायचाय.

सोलापूरच्या लोकांना एक खास सूचना. सकाळी नऊनंतर माळावरची हवा तापून थरथरायला लागते. लांबच्या लेन्सने शंभर मीटरवरचं काळवीट काढलं की कडा वितळल्यासारख्या येतात. मग लोक म्हणतात लेन्स गेली, अडॅप्टर वाकडा आहे. नवी लाखाची लेन्स लावली तरी तेच येईल. जवळ जा नाहीतर लवकर उठा.

होटगी_रोड
माझ्याकडे पण ए६४०० आहे. मामाची जुनी लेन्स अडॅप्टरने लावली तर शटरच पडत नाही. बॉडी खराब झाली का?

बाराबंदी
खराब नाही झाली. कॅमेऱ्याला वाटतंय लेन्सच नाही. मेनूत "रिलीज विदाउट लेन्स" शोधा आणि चालू करा. मग "पीकिंग" पण चालू करा, फोकसमधल्या कडा रंगाने उजळतात. मी लाल ठेवतो. पण पीकिंगवर आंधळा विश्वास नको, उघड्या ॲपर्चरला पापणी लाल दिसते आणि फोटोत भुवई फोकसमध्ये असते. एका बटणावर चित्र मोठं करायची सोय लावून घ्या, डोळा मोठा करून बघा, मग दाबा. मोड ए ठेवा. ॲपर्चर रिंगवर तुम्ही ठरवायचं, शटर कॅमेरा ठरवतो. फाईलमध्ये ॲपर्चरच्या जागी नुसत्या रेघा येतील, घाबरू नका.

होटगी_रोड
चालू झालं! धन्यवाद बाराबंदीदादा. दोन महिने मामाला शिव्या घालत होतो.

बाराबंदी
अजून एक. १०५ हातात धरून काढताना शटर १/२०० च्या खाली उतरू देऊ नका. आणि अडॅप्टर आला की आधी लांबचं काहीतरी बघून इन्फिनिटी (अगदी लांबचा फोकस) तपासा. स्वस्त अडॅप्टर मुद्दाम केसभर आखूड करतात, त्यामुळे लेन्स इन्फिनिटीच्या पुढे जाते आणि रिंगवरचे मीटरचे आकडे जुळत नाहीत. लांबची एखादी कारखान्याची चिमणी बघा.

शेंगाचटणी
कुठली चिमणी ओ? सिद्धेश्वर साखर कारखान्याची तर २०२३ लाच पाडली की, विमानतळासाठी!

अण्णा_फोटोवाले
😂😂 चिमणी पाडली तेव्हा विमानं येणार म्हणून, आता विमानं बघून इन्फिनिटी तपासा.

होटगी_रोड
आम्ही त्याच बाजूला राहतो. कारखान्याच्या सभासदांना विचारा चिमणीचं काय वाटतं ते. हसण्याचा विषय नाही तो.

काचेचा_किडा
चिमणी आणि विमानतळावर कृपया वेगळा धागा काढा, मी तिथं येऊन भांडेन. इथं काच चालू आहे.

जुना_नेगेटिव्ह
कुणी अजून लेन्सच्या तब्येतीबद्दल विचारलंच नाही. सात रस्ता, अडॅप्टरवर पैसे घालायच्या आधी अंधाऱ्या खोलीत मोबाईलची बॅटरी लावून प्रत्येक लेन्समधून आरपार बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. ढगासारखा एकसारखा थर दिसला तर आतलं वंगण उडून काचेवर बसलंय. मग रिंग फिरवत पाती उघड-मीट करा. पाती चकाकत असतील तर तेल.

मुंबई-कोकणात बुरशी मारते, आपल्याकडे ऊन मारतं. पत्र्याखालच्या माळ्यावर मे महिन्यात पेटी ठेवली की फोकसच्या आट्यांमधलं ग्रीस पातळ होऊन पात्यांवर उतरतं. झेनिटच्या दोन रिंगांच्या लेन्सला त्याचा फारसा त्रास नाही, तिथं पाती आपण हाताने हलवतो. निक्कॉर आणि एफडीची पाती स्प्रिंगवर चालतात, ती तेलाने चिकटली की उजेडाचा हिशेब चुकतो. अडॅप्टरवर मात्र पाती आधीपासूनच बंद करून ठेवलेली असल्याने थोडं तेल खपून जातं.

घरी उघडायच्या भानगडीत पडू नका. मी एक लेन्स बाहेरगावच्या कारागिराकडे दिली होती, त्याने मधली काच उलटी बसवून पाठवली. मध्ये स्वच्छ, कडेला लापशी. परत पाठवली तर म्हणतो आधीपासूनच तशी होती.

सात_रस्ता
बघितलं जुना नेगेटिव्ह काका. १०५ स्वच्छ. हेलिऑसमध्ये धुळीचे दोन-चार कण. भरीव कानांच्या ५० मध्ये कडेला तंतू आहेत. एफडीची पाती चकाकतायत, पण रिंग फिरवून हलतच नाहीत, अडकलीत बहुतेक. टाकुमारचं पिवळेपण काही पुसलं जात नाही.

जुना_नेगेटिव्ह
एफडी अडकलेली नसेल. ती बॉडीवरून काढलेली असताना रिंग फिरवून पाती हलत नाहीत, मागची दांडी ढकलावी लागते. म्हणूनच एफडीच्या अडॅप्टरला एक वेगळी लॉक-ओपनची कडी असते. तशी कडी नसलेला अडॅप्टर घेतला तर लेन्स कायम २.८ वरच राहील.

५० बाकीच्यांपासून लांब ठेवा, हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून. बुरशीने कोटिंग खाल्लं असेल तर साफ केल्यावरही तिचा नकाशा काचेवर राहतो. तरी फोटोत फारसं कळत नाही, समोरून ऊन आलं तरच.

काचेचा_किडा
टाकुमारचं पिवळेपण मळ नाही. त्या लेन्सच्या एका काचेत थोरियम मिसळलेलं असतं. अपवर्तन वाढवायला तेव्हा बऱ्याच कंपन्या घालायच्या. वर्षानुवर्षांच्या किरणोत्साराने काच तपकिरी पडते.

शेंगाचटणी
किरणोत्सार??? नवी पेठेत?

काचेचा_किडा
अगदी सौम्य असतो ओ, वापरायला भीती नाही. दुर्बिणीसारखी डोळ्याला लावून बसू नका, उशाखाली घेऊन झोपू नका, एवढं पाळलं की झालं. अतिनील उजेड दिला की पिवळेपण बरंच उतरतं. उन्हात ठेवली तर काही दिवस ते काही आठवडे. आता डिसेंबर आहे, सकाळचं कोवळं ऊन चालेल. मे महिन्यात सोलापूरच्या गच्चीवर ठेवलीत तर पिवळेपणाबरोबर ग्रीसही उतरेल.

माळरान
थांबा थांबा. उन्हात लेन्स उघडी ठेवणं म्हणजे गच्चीवर भिंग ठेवणं. वाळत घातलेल्या चादरीवर नाहीतर कुरडयांच्या प्लास्टिकवर ठिणगी पडली म्हणजे? खाली ॲल्युमिनियमची फॉइल घाला, मागच्या बाजूला फॉइल गुंडाळा, आणि लक्ष ठेवून बसा. त्यापेक्षा छोटा यूव्ही एलईडी दिवा घ्या आणि तो लेन्सजवळ चालू ठेवून द्या. फक्त त्या दिव्याकडे बघत बसू नका.

अण्णा_फोटोवाले
फ्लॅशबद्दल कुणी बोललं नाही म्हणून सांगतो, हे माझ्या कामातलं आहे. ते दोन जुने फ्लॅश नव्या कॅमेऱ्याच्या डोक्यावर अजिबात लावू नका. जुन्या फ्लॅशच्या मधल्या पिनवर दोनशे व्होल्टच्या वर असू शकतात, नव्या बॉडीचं सर्किट जळायला तेवढं पुरे. मल्टिमीटर असेल तर फ्लॅश चार्ज करून मधली पिन आणि कडेची पट्टी यात मोजा. लावायचाच असेल तर लांब स्टँडवर ठेवून प्रकाशाने पेटणारा स्लेव्ह ट्रिगर वापरा, बॉडीशी संबंधच नको. तुमच्या तीन प्रश्नांतल्या दुसऱ्याचं खरं उत्तर हे आहे. लेन्सने इजा होत नाही, फ्लॅशने होते.

काळा_पडदा
अण्णांना +१. आणि लेन्सच्या बाबतीत दोन पावलं मागे येतो. १०५ ठेवा. बाकी माझं मत तेच.

रेशीमधागा
जवळच आहे हेलिऑसपर्यंत यायला, अजून एक पाऊल टाका की.

काळा_पडदा
ताई, नको. तुमचे मागांचे व्हिडिओ बघायला मिळाले तर विचार करीन.

सात_रस्ता
मंडळी, बऱ्याच दिवसांनी. निकॉन आणि एम४२ असे दोनच अडॅप्टर मागवले. गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेला, घेऊन गेलो होतो, तर तिसऱ्या प्रश्नाचं थोडं उत्तर माझ्याकडूनही.

अक्षता सोहळ्याला संमती कट्ट्यापाशी जागा मिळणं शक्यच नव्हतं. मिरवणुकीच्या रस्त्यावर एका दुकानाच्या ओट्यावर उभा राहिलो, १०५ लावून. नंदीध्वज (मानकरी पेलून नेतात त्या यात्रेतल्या उंच काठ्या) एकदम पळत येत नाहीत, हेच माझ्या पथ्यावर पडलं. रस्त्यात एका खांबावर आधीच फोकस धरून ठेवला आणि मानकरी त्या रेषेत आले की दाबलं. एफ/४, १/५००. पांढऱ्या बाराबंदीमुळे कॅमेरा सगळं करडं करायला बघत होता, एक्स्पोजर थोडं वर ढकललं. बाराबंदीच्या कापडाची वीण, पेलणाऱ्याच्या मानेवरचा घाम, कमरेला काठीचा पट्टा, सगळं आलंय. ऊन समोर आलं तेव्हा मात्र काळा पडदा म्हणाले तसा पांढरट थर चढला, मग हाताने लेन्सवर सावली धरली.

दारूकामाच्या रात्री हेलिऑस लावून होम मैदानावर गेलो. तिथं नाही जमलं. प्रत्येक मोठ्या दिव्याचं भूत चित्रात उलट्या बाजूला उमटलं. तिथं किट लेन्सच बरी. पाळण्यांच्या दिव्यांपुढे बहिणीचा एक फोटो मात्र असा आलाय की तिने लगेच डीपीला लावला. काकांना दाखवला तर म्हणाले, "मागचं फाटलंय."

बाराबंदी
खांबावर फोकस धरून ठेवायचं कुणी शिकवलं?

सात_रस्ता
काकांनीच. त्यांच्याकडे दुसरा उपायच नव्हता म्हणे.

अण्णा_फोटोवाले
काकांना माझा नमस्कार सांगा. तरी हळदीला ऑटोफोकसच.

जुना_नेगेटिव्ह
मग पेटीचं काय ठरलं?

सात_रस्ता
एकगठ्ठा द्यायची नाही असं ठरलं. त्या गृहस्थांना सांगितलं की १०५ आणि हेलिऑस सोडून बोला, तर त्यांनी भाव निम्म्याच्याही खाली आणला. म्हणजे त्यांना पण नेमकी १०५ च पाहिजे होती! टाकुमारला यूव्ही दिवा चालू आहे, चहावरून लिंबू सरबतापर्यंत आलीय. ती पण एम४२ वरच बसत असल्याने राहील. भरीव कानांची ५०, एफडी २८ आणि याशिका विकायच्यात. बुरशी आहे ते सांगूनच विकणार.

होटगी_रोड
एफडी २८ मला पाहिजे. माझा अडॅप्टर एफडीचाच आहे, मामाची लेन्स पण एफडी. काय घेणार?

शेंगाचटणी
भाव व्यनित (व्यक्तिगत निरोपात) करा, नाहीतर इथं पण आठवडी बाजार भरेल.

होटगी_रोड
व्यनि केलाय. शनिवारी सात रस्त्याला येतो, बॉडी घेऊनच. बॅटरी मारून बघेन हां आधी.

सात_रस्ता
या की. मागची दांडी ढकलून पाती पण बघा.

माळरान
आणि त्या याशिका मॅटचं? १२० चा रोल अजून मिळतो, मुंबईहून मागवता येतो. विकणार असाल तर माझा नंबर पहिला.

सात_रस्ता
मॅट काका देत नाहीयेत. विचारलं तर त्यांनी उलट मलाच विचारलं, रोल केवढ्याला मिळतो आता?